वाचलेल्या पैशांची नोकरी

आमच्या हिंजवडीतल्या सायकलवाल्यांमध्ये दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो, "चायनीज कार्बन? सिंहगड उतरताना फ्रेमचे दोन तुकडे झाले की कळेल." दुसरा पंथ म्हणतो, "अरे, सगळं एकाच फॅक्टरीत बनतं. तुम्ही नुसते लोगोचे पैसे मोजता." कँटीनमध्ये ह्या दोघांची जुंपली की कॉलेजातली विंडोज विरुद्ध लिनक्स भांडणं आठवतात. माहिती कमी, निष्ठा जास्त. मी स्वतः दोन वर्षं थेट चीनमधून मागवलेल्या फ्रेमवर बांधलेली सायकल चालवतोय. त्यामुळे दोन्ही पंथ मला आपापला साक्षीदार समजतात. पहिला पंथ रोज विचारतो, "अजून तुटली नाही?" दुसरा विचारतो, "लिंक पाठव ना!"

मला दोघांचंही पटत नाही. माझं मत थोडक्यात सांगतो, मग खुलासा करतो. थेट मागवलेल्या फ्रेममध्ये जे पैसे वाचतात ती सवलत नसते. तो पगार असतो. ब्रँडच्या कंपनीतला तपासनीस, दुकानातला मेकॅनिक आणि विक्रीनंतरची सेवा देणारा माणूस, ह्या तिघांचं काम तुम्ही अंगावर घेता आणि त्यांचे पैसे स्वतःच्या खिशात ठेवता. काम नीट केलंत तर व्यवहार झकास आहे. पगार घेतला आणि काम केलंच नाही, तर ते कधी ना कधी उतारावर बाहेर येतं, आणि तेव्हा ताशी पन्नासचा वेग असतो.

आधी दुसऱ्या पंथाचं बघू, कारण त्यांच्या बोलण्यात निम्मं खरं आहे. जगातल्या बहुतेक कार्बन फ्रेम तैवान आणि चीनमध्ये बनतात हे खरंच आहे. १९७२ साली सुरू झालेली तैवानची जायंट कंपनी आधी दुसऱ्यांच्या नावाच्या सायकली बनवायची, मग स्वतःच्या नावाने विकायला लागली. आता 'ओपन मोल्ड' म्हणजे काय, तर कारखान्याने साचा स्वतःच तयार केलेला असतो आणि त्यातून निघालेली फ्रेम कोणालाही, कुठल्याही नावाने विकता येते. इथपर्यंत सगळं ठीक आहे. पण 'एकाच फॅक्टरीत बनतं म्हणजे एकच माल' हा निष्कर्ष आपण आयटीवाल्यांनी तरी काढू नये. एकाच कंपनीतून, एकाच मजल्यावरून दोन क्लायंटना दोन प्रकारचा कोड जातो हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. एकाने टेस्टिंगचे पैसे दिलेले असतात, दुसऱ्याने नाही. फॅक्टरी तीच असते, स्पेसिफिकेशन वेगळं असतं, आणि किती माल नाकारायचा हे ठरवणारा माणूसही वेगळा असतो.

कार्बन फ्रेम म्हणजे काही पाइप जोडून केलेली वस्तू नव्हे. राळ लावलेल्या कार्बन तंतूंचे कापडासारखे तुकडे ठरलेल्या कोनांत, ठरलेल्या क्रमाने, हाताने साच्यात रचतात. मग आतून दाब देऊन ते भट्टीत शिजवतात. ताकद असते ती ह्या रचण्यात. कुठे किती थर, कुठल्या दिशेने, मध्ये हवेची पोकळी राहिली का, सुरकुती पडली का. जाहिरातीत मात्र लिहिलेलं असतं 'टी८००'. हे तोरे ह्या जपानी कंपनीच्या तंतूच्या प्रतीचं नाव. टी७०० तंतूचा मॉड्युलस २३० गिगापास्कल, टी८०० चा २९४. म्हणजे टी८०० जास्त ताठ, हे बरोबर. पण हे आकडे नुसत्या तंतूचे आहेत, फ्रेमचे नव्हेत. चांगला बासमती आणला म्हणजे बिर्याणी जमलीच असं होत नाही ना, तसंच. विक्रेत्याला तंतूची प्रत विचारण्यापेक्षा 'आयएसओ ४२१० चा टेस्ट रिपोर्ट ह्याच मॉडेलचा आहे का, फोर्कसकट आहे का' हे विचारा. उत्तर काय येतं, आणि किती दिवसांनी येतं, ह्यावरून बरंच कळतं.

आता पहिला पंथ. ब्रँडची वस्तू तुटत नाही हा त्यांचा समज आहे. २००६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत जॉर्ज हिंकापीच्या सायकलची स्टिअरर ट्यूब मोडली आणि हँडल हातात घेऊन गडी खाली आला. संघ जगातल्या अव्वल संघांपैकी, सायकल मोठ्या ब्रँडची, आणि ती ट्यूब कार्बनची नव्हे, ॲल्युमिनियमची होती. मार्च २०२१ मध्ये ल सामँ ह्या बेल्जियमच्या शर्यतीत माथ्यू व्हान डर पूलचं हँडलबार चालत्या सायकलवर तुटलं. ती सायकल कॅन्यनची होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्पेशलाइज्डने टारमॅक एसएल७ परत बोलावली, कारण हेडसेटमधली एक छोटी रिंग कार्बनच्या स्टिअररवर ताण आणून तडा पाडू शकत होती.

पण ह्या गोष्टींचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. कॅन्यनने काही दिवसांतच त्या मॉडेलच्या मालकांना कळवलं की सायकल चालवणं थांबवा. स्पेशलाइज्डने सुटे भाग बदलून दिले. दोघांकडे कोणती सायकल कुठे गेली ह्याची यादी होती, चूक शोधणारे इंजिनिअर होते आणि कोर्टाची भीतीही होती. गंमत म्हणजे कॅन्यन ही जर्मन कंपनीसुद्धा दुकानांना वगळून थेट ग्राहकालाच माल पाठवते. तेव्हा 'थेट मागवली' हा मुळात धोका नाही. धोका हा, की उद्या तुमच्या फ्रेमच्या त्याच बॅचमधल्या दहा फ्रेम ब्राझील नि पोलंडमध्ये त्याच जागी तडकल्या तर तुम्हाला कोणीही ईमेल पाठवणार नाही. ब्रँडला आपण जे जास्तीचे पैसे देतो त्यात जाहिरात आहे, शर्यतींचे संघ आहेत, लोगो आहे, सगळं मान्य. पण त्यात तो एक 'थांबा, चालवू नका' असा ईमेलही आहे. स्वस्त फ्रेमवर तो ईमेल तुम्हीच तुम्हाला पाठवायचा असतो. त्यासाठी दर काही महिन्यांनी सायकल उघडून बघावी लागते.

ही झाली नोकरी. आता कामाचं स्वरूप.

पहिलं काम खरेदीच्या आधीचं. कंटाळवाणी फ्रेम निवडा. अगदी मनापासून सांगतोय. सगळ्या वायरी हँडलच्या आतून जाणारी, विचित्र आकाराच्या सीट पोस्टची, एअरो का काय म्हणतात ती फ्रेम फोटोत लई भारी दिसते. पण तो सीट पोस्ट उद्या खराब झाला तर तसला दुसरा पुण्यात काय, मुंबईतही मिळायचा नाही. गोल २७.२ मिमी सीट पोस्ट कुठेही मिळतो. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा घ्या, जुना बीएसए किंवा नवा टी४७. दाबून बसवायच्या प्रेस-फिट प्रकारात सगळी मदार भोकाच्या मापावर असते. ते शतांश मिमीमध्ये चुकलं किंवा डाव्या-उजव्या बाजूची भोकं एका रेषेत नसली, की बेअरिंग कुरकुरतं आणि लवकर मरतं. नेमकी हीच अचूकता स्वस्त मालात पहिली सुटते. आट्यांच्या बीबीचे कप बिघडले तर निदान काढून बदलता येतात. गिअरचा हँगर शक्यतो यूडीएच असावा (२०१९ साली स्रॅमने आणलेला, बऱ्याच कंपन्यांनी उचललेला प्रकार). तसा नसेल तर फ्रेमबरोबरच दोन जास्तीचे हँगर मागवा. काही डॉलरचा तो तुकडा नसल्यामुळे सायकल दीड महिना भिंतीला टेकून उभी राहिलेली मी पाहिली आहे (माझी नव्हे, शेजारच्या क्यूबिकलमधल्याची).

पैशांच्या बाबतीत एक सावधगिरी. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने ४३ ॲपवर बंदी घातली, त्यात अलीएक्सप्रेस होतं. तेव्हापासून आपल्याकडचे बरेच लोक थेट विक्रेत्याशी व्यवहार करतात. मध्ये तक्रार ऐकणारा कोणी नाही, तेव्हा निदान क्रेडिट कार्डाने किंवा पैसे परत मागता येतील अशाच मार्गाने द्या. आणि विक्रेता फार प्रेमाने विचारेल, "इनव्हॉइसवर ऐंशी डॉलर लिहू का, म्हणजे ड्युटी कमी लागेल?" नाही म्हणा. एक तर ते बेकायदेशीर आहे. दुसरं म्हणजे खोकं वाटेत चेपलं तर भरपाईही ऐंशी डॉलरच्याच हिशोबाने मागावी लागेल. कस्टम्सची ड्युटी नुसत्या किमतीवर लागत नाही. किंमत, भाडं आणि विमा ह्यांच्या बेरजेवर लागते, आणि त्या सगळ्यावर पुन्हा आयजीएसटी. माझ्या बाबतीत भाडं, कर आणि लागणारी हत्यारं मिळून फ्रेमच्या किमतीच्या निम्म्याहून थोडी जास्तच रक्कम वर गेली. त्यामुळे साइटवरचा आकडा बघून आईला 'एवढ्यात पडली' असं सांगायची घाई करू नका.

दुसरं काम खोकं आल्यानंतरचं. खोकं फोडताना व्हिडिओ काढा, तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. मग सुटे भाग लावायच्या आधी, फ्रेम नागडी असतानाच, चांगल्या उजेडात तपासा. आपण कलिंगड वाजवून बघतो तसं नाण्याने हलकेच ठोकत जा. सगळीकडे टणक, कोरडा आवाज यायला हवा. एखाद्या जागी बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेले असू शकतात. (आवाज चांगला आला म्हणजे सगळं ठीक असं मात्र नव्हे. नाण्याला फक्त ढोबळ दोष कळतात.) मोबाइलचा टॉर्च आत घालून हेड ट्यूब आणि बीबीच्या आतल्या भिंती बघा. राळेचे गोळे, सुरकुत्या, प्लास्टिकच्या पिशवीचे राहिलेले तुकडे, काय काय दिसतं! थोडेफार तुकडे राहिलेले चालतात, पण बेअरिंग बसायच्या जागेवर किंवा स्टिअररच्या मुळाशी सुरकुती असेल तर फोटो काढून सरळ परत करा. 'चालेल रे' हा शब्द ह्या टप्प्यावर बंद.

तिसरं काम जोडणीचं, आणि इथे एका माणसाची आठवण सांगायलाच हवी. आमच्या गल्लीतला सायकलवाला, ज्याने माझ्या लहानपणीच्या सायकलची पंक्चर काढली होती, त्याला मी ही फ्रेम दाखवायला नेली. त्याने ती एका हाताने उचलून बघितली, हसला आणि म्हणाला, "दादा, ह्याला आपण हात नाय लावत. एक बोल्ट जास्त आवळला न् टिचकी वाजली, तर भरून कोन देनार?" मला वाटतं, ह्या विषयावर आजवर ऐकलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाक्य आहे. लोखंडी सायकलवर त्याचा हात हाच टॉर्क रेंच होता, कारण लोखंड वाकून सांगतं की बाबा, जास्त झालं. कार्बन वाकत नाही. सहन करतं, सहन करतं आणि मग एकदम तुटतं. भरून कोण देणार, ह्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे 'मी' असं आहे त्यानेच पाना उचलावा.

तेव्हा टॉर्क रेंच ही चैन नव्हे. २ ते १५ न्यूटन-मीटरचा छोटा रेंच घ्या. सीट पोस्टचा बोल्ट, स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, पण प्रत्येक भागावर छापलेला आकडा बघा, आणि दोन भागांवर दोन आकडे असतील तर लहान तो खरा. कार्बनच्या सीट पोस्टला ग्रीस लावायचं नाही. त्यासाठी बारीक खरवाळ कण असलेली वेगळी पेस्ट मिळते, तिच्यामुळे कमी आवळूनही पकड बसते. फोर्कची स्टिअरर ट्यूब कापताना बारीक दातांचं पातं, पाणी आणि तोंडाला मास्क. कार्बनची पूड फुप्फुसात जायच्या लायकीची नाही. आणि ट्यूबच्या आत एक्सपांडर प्लग बसवताना तो स्टेमच्या पकडीच्या बरोबर मागे येईल असा बसवा. आत आधार नसलेल्या पोकळ ट्यूबला बाहेरून आवळणं म्हणजे कागदी कप मुठीत दाबण्यासारखं आहे.

माझं एक ठाम मत, ज्यावर मित्र चिडतात. फ्रेम हवी तर स्वस्त कार्बनची घ्या, पण हँडलबार आणि स्टेम नामांकित कंपनीचे, ॲल्युमिनियमचे लावा. फ्रेममध्ये तडा गेला तर बहुतेक वेळा ती आधी कुरकुरते, लवचिक वाटते, काहीतरी इशारा देते. हँडल तुटलं तर इशाऱ्याला आणि रस्त्याला मध्ये वेळ नसतो. दोन-अडीचशे ग्रॅम वाचवायला हा जुगार कशाला? तेवढं वजन तर आपण एका मिसळीत भरून काढतो.

चौथं काम म्हणजे दुरुस्ती. इथे मात्र आपल्या पेशाचा फायदा होतो. माझ्या फ्रेमवर पहिल्याच आठवड्यात मागची डिस्क घासायला लागली. कॅलिपर कितीही सरळ केला तरी बोल्ट आवळला की पुन्हा तिरका. ह्याचा अर्थ कॅलिपरमध्ये दोष नाही, तो ज्यावर बसतो ती जागाच सपाट नाही. जाड रंग आणि राळ साचली होती. पोलिश पेपरने ती अंदाजपंचे घासत बसण्यापेक्षा, ज्या दुकानात फेसिंगचं हत्यार आहे तिथे जाऊन पैसे देऊन ती जागा समतल करून घेतली. पाच मिनिटांचं काम. मग गिअर. बाराच्या कॅसेटमध्ये दोन चक्रांतलं अंतर इतकं कमी की हँगर किंचित वाकडा असला तरी चेन मधल्या गिअरवर किटकिट करते. लोक केबलचा ताण बदलत बसतात. आधी हँगर गेजने सरळ करा, मग बाकीचं.

आणि शेवटी ती सुप्रसिद्ध कुरकुर! बोपदेव घाटात जोर लावला की पायाखालून कट्, कट्. पोकळ कार्बन फ्रेम तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी असते. आवाज एका जागी होतो आणि दुसऱ्याच जागी ऐकू येतो. त्यामुळे 'बीबी गेला' असं म्हणून लगेच नवा बीबी मागवायचा नाही. उभं राहून पॅडल मारा. आवाज बंद झाला तर संशयित सीट नि सीट पोस्ट. माझा बंद झाला नाही, म्हणून ते दोघं सुटले. पॅडल न मारता सायकल तशीच सोडा. आवाज थांबला, म्हणजे जोर लागल्यावरच होतो. मित्राचे पॅडल लावले, तरी आवाज तोच. क्रँकचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर होते. मग मागचा ॲक्सल काढून पुसला, हँगर आणि फ्रेम ह्यांच्यामधली कोरडी जागा साफ करून पातळ ग्रीस लावलं, आणि घाट एकदम शांत! पाच रविवार गेले, खर्च शून्य. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेलं वहीत लिहायचं, एवढंच सूत्र. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज गेला, तर तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. प्रॉडक्शनवर दोन पॅच एकदम टाकणाऱ्यांना हे सांगायला नको.

पावसाळा हा आपल्याकडचा वेगळा अध्याय. कार्बन गंजत नाही, पण त्याला चिकटलेलं ॲल्युमिनियम पाणी आणि मीठ मिळालं की झपाट्याने झिजतं. घाम म्हणजे मिठाचंच पाणी. जूनच्या आधी आणि ऑक्टोबरात सीट पोस्ट काढून पुसणं, बीबीच्या आट्यांना ग्रीस, बीबीखालचं पाणी जायचं भोक मोकळं आहे ना हे बघणं, आणि स्टेम काढून स्टिअररवर बारीक रेघ दिसते का ते बघणं. मी हे चार महिन्यांनी एकदा करतो. दीड तास लागतो. हाच तो स्वतःला पाठवायचा ईमेल.

मग घ्यावी का नाही? ज्याला शनिवारची सकाळ पाने-बोल्टांत घालवायला आवडते, ज्याला बिघाड ही भानगड न वाटता कोडं वाटतं, त्याने जरूर घ्यावी. ह्या दोन वर्षांत मला सायकल जितकी कळली तितकी विकत घेतलेल्या तयार सायकलीवर दहा वर्षांत कळली नसती. पण ज्याला फक्त चालवायची आहे, ज्याला आठवड्यातून मोजून दोन सकाळी मिळतात आणि घरी लहान पोर आहे, त्याने दुकानातून चांगली ॲल्युमिनियमची तयार सायकल घ्यावी, ३२ मिमीचे टायर लावावेत आणि सुखाने सासवडला जाऊन यावं. आपल्या रस्त्यांवर कार्बन फ्रेमपेक्षा रुंद टायर आणि त्यातली बेताची हवा अंगाला जास्त आराम देते. त्याने काही गमावलं असं मी तरी मानणार नाही. त्याने तो पगार नाकारला, बस्स.

जाता जाता एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. ह्या सायकली सेकंडहँड बाजारात यायला लागल्या आहेत. फ्रेमवर स्टिकर कोणाचंही लावता येतं, आणि घेणारा बहुतेक कॉलेजातला पोरगा असतो, ज्याने पार्टटाइम करून पैसे साठवलेले असतात. त्याला फ्रेम कुठून आली, कुठे आपटली, स्टिअरर कोणी कापला, शेवटचं कधी उघडून बघितलं हे सगळं सांगा. ती वही त्याला देऊन टाका. विकताना त्याच्या लेखी कारखानाही तुम्हीच आणि दुकानही तुम्हीच. किंमत थोडी कमी येईल. येऊ दे.